पायथन वेब प्रोजेक्ट आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवीन जँगो किंवा फ्लास्क (दोन्ही पायथनमधे वेबसाइट बनवायची फ्रेमवर्क्स) प्रोजेक्ट टाकताना जे प्रश्न लोक परत परत पाठवतात ते सगळे इथे एका जागी आणलेत. पाठवणारे बहुतेक डिप्लोमा, बीसीए, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलंमुली, नाहीतर नुकतेच जॉबला लागलेले. कमांड इथे देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलवर त्या इंग्रजी अक्षरात टाइप करायच्या, आणि टिंब, हायफन, स्लॅश जिथे दिसतंय तिथे तसंच द्यायचं. उदाहरणाला जँगो घेतलंय, पण फ्लास्क किंवा फास्टएपीआय असलं तरी एन्व्हायर्नमेंटचा भाग तोच राहतो.

१. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणजे नेमकं काय? नसलं तर काय बिघडतं?

तो एक साधा फोल्डर आहे, बाकी काही नाही. पायथनमधे तुम्ही पिपने (पॅकेजेस, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, उतरवून टाकणारा प्रोग्रॅम) जे काही टाकता ते साइट-पॅकेजेस नावाच्या फोल्डरमधे जातं, आणि तिथे एका पॅकेजचं एकच व्हर्जन राहू शकतं. आता समजा एक जुना प्रोजेक्ट जँगो ४.२ वर चालतोय आणि नवीन तुम्हाला ५.२ वर करायचाय, तुम्ही ५.२ टाकलं की ४.२ उडालं, आणि जुना प्रोजेक्ट तुम्ही हातही न लावता बंद पडला. म्हणून प्रत्येक प्रोजेक्टला त्याचा वेगळा साइट-पॅकेजेस फोल्डर द्यायचा.

आत काय असतं ते एकदा उघडून बघा. एक बिन फोल्डर (विंडोजवर त्याचं नाव स्क्रिप्ट्स), एक लिब फोल्डर, आणि पायव्हेन्व्ह.सीएफजी नावाची चार-पाच ओळींची फाइल. त्या फाइलमधे होम अशी एक ओळ असते, तिच्यात मूळ पायथन मशीनवर कुठे आहे त्याचा पत्ता असतो. म्हणजे अख्खं पायथन काही कॉपी होत नाही, ते मूळ जागीच राहतं, फक्त पॅकेजेस वेगळी होतात. हे लक्षात ठेवा, कारण प्रश्न १३ आणि १४ चं उत्तर यातच आहे.

व्हेन्व्ह हे मॉड्यूल पायथन ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, पायथनच्या सोबतच येतं. त्याच्या आधी इयान बिकिंग यांनी २००७ मधे काढलेलं व्हर्च्युअलएन्व्ह नावाचं वेगळं पॅकेज वापरायचे, ते आजही चालतं, पण नवीन माणसाला त्याची गरज नाही.

२. माझा एकच छोटा कॉलेज प्रोजेक्ट आहे, तरी लागतंच का हे सगळं?

हो, लागतं. प्रोजेक्ट तुमच्या लॅपटॉपवर चालणं हा अर्धाच भाग झाला, तो लॅबच्या पीसीवर, पार्टनरच्या मशीनवर, एक्स्टर्नलसमोर चालायला पाहिजे. त्यासाठी कुठली पॅकेजेस लागतात त्याची यादी द्यावी लागते, आणि एन्व्हायर्नमेंट नसेल तर त्या यादीत तुम्ही दोन वर्षांत टाकलेलं सगळंच येतं, मशीन लर्निंगच्या प्रॅक्टिकलला टाकलेलं पण. मग समोरच्याच्या मशीनवर अर्धा तास नको ती पॅकेजेस उतरत बसतात. एन्व्हायर्नमेंट बनवायला मिनिटभर लागतो, तेवढा द्या.

३. पहिल्यापासून शेवटपर्यंत स्टेप्स सांगा ना, एकदम कोऱ्या फोल्डरपासून.

आधी `पायथन --व्हर्जन` करून व्हर्जन बघा (लिनक्स आणि मॅकवर `पायथन३ --व्हर्जन`). जँगो ५.२ ला पायथन ३.१० किंवा पुढचं लागतं, जँगो ६.० ला ३.१२ किंवा पुढचं. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते, की तुमचं पायथन जुनं असेल तर पिप भांडत नाही, तो गुपचूप तुमच्या पायथनवर चालेल असं जुनं जँगो टाकतो. मग युट्यूबवरचा व्हिडिओ एक सांगतो आणि तुमच्याकडे दुसरंच दिसतं. म्हणून पहिल्यांदा व्हर्जन.

मग प्रोजेक्टचा फोल्डर बनवा, टर्मिनलमधे त्याच्यात जा, आणि ही कमांड द्या: `पायथन -एम व्हेन्व्ह .व्हेन्व्ह` (लिनक्स आणि मॅकवर इथेही `पायथन३`). व्हेन्व्हचं स्पेलिंग व्ही, ई, एन, व्ही. पहिलं व्हेन्व्ह हे मॉड्यूलचं नाव, दुसरं टिंबवालं हे फोल्डरचं नाव, दुसरं नाव तुम्ही काहीही देऊ शकता पण सगळं जग हेच देतं, एडिटर पण हेच शोधतो, तर तेच ठेवा.

आता ॲक्टिव्हेट. लिनक्स आणि मॅकवर `सोर्स .व्हेन्व्ह/बिन/ॲक्टिव्हेट`, विंडोजवर `.व्हेन्व्ह\स्क्रिप्ट्स\ॲक्टिव्हेट`. प्रॉम्प्टच्या आधी कंसात नाव दिसलं म्हणजे झालं. विंडोजवर लाल अक्षरात एरर आला तर प्रश्न ५.

मग `पायथन -एम पिप इन्स्टॉल जँगो`. आणि मग `जँगो-ॲडमिन स्टार्टप्रोजेक्ट कॉन्फिग .` शेवटचं टिंब विसरू नका, त्याच्या आधी स्पेस आहे. टिंब दिलं नाही तर फोल्डरच्या आत एक फोल्डर आणि त्याच्या आत त्याच नावाचा अजून एक फोल्डर होतो, आणि मग मॅनेज.पीवाय सापडत नाही म्हणून मेसेज येतात. कॉन्फिगच्या जागी दुसरं नाव दिलंत तरी चालेल, फक्त जँगो, टेस्ट असली नावं देऊ नका, ती आधीच पायथन किंवा जँगोची आहेत.

नंतर `पायथन मॅनेज.पीवाय मायग्रेट` (याने डेटाबेसमधली टेबलं बनतात), मग `पायथन मॅनेज.पीवाय रनसर्व्हर`. ब्राउझरमधे लोकलहोस्ट:८००० उघडा, रॉकेट दिसेल. मायग्रेट न करता रनसर्व्हर केलं तर १८ मायग्रेशन्स बाकी आहेत अशी लाल ओळ येते, तो एरर नाही, नुसती आठवण आहे.

जाता जाता सेटिंग्जमधे टाइमझोन यूटीसीचा बदलून एशिया/कोलकाता करून टाका, नाहीतर ॲडमिनमधे सगळ्या वेळा साडेपाच तास मागे दिसतात आणि तो बग शोधण्यात संध्याकाळ जाते.

४. विंडोजवर पायथन टाइप केलं की मायक्रोसॉफ्ट स्टोअरच उघडतंय, असं का?

विंडोजने पायथन नावाचा एक खोटा शॉर्टकट ठेवलेला असतो, तो स्टोअरकडे नेतो. सेटिंग्जमधे ॲप एक्झिक्युशन एलिअसेस शोधा आणि पायथनचे दोन्ही स्विच बंद करा. पायथन पायथन डॉट ओआरजीवरून टाकलं असेल तर `पाय` ही छोटी कमांड पण मिळते, `पाय -३.१२ -एम व्हेन्व्ह .व्हेन्व्ह` असं लिहिलं की मशीनवरच्या पायथनपैकी नेमकं ३.१२ घेतलं जातं. मशीनवर दोन-तीन पायथन असतील तर हे फार कामाचं आहे.

५. पॉवरशेलमधे ॲक्टिव्हेट केलं की रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड येतं. ॲन्टीव्हायरस बंद करू का?

नाही नाही, ॲन्टीव्हायरसचा काही संबंध नाही. पॉवरशेल आपणहून कुठलीच स्क्रिप्ट चालू देत नाही, आणि ॲक्टिव्हेट ही एक स्क्रिप्ट आहे. एकदाच ही कमांड द्या: `सेट-एक्झिक्युशनपॉलिसी -स्कोप करंटयूजर रिमोटसाइन्ड`. ॲडमिनिस्ट्रेटर लागत नाही, कारण हे फक्त तुमच्या यूजरपुरतं आहे. लॅबच्या पीसीवर हेही लॉक केलेलं असेल तर साधा कमांड प्रॉम्प्ट उघडा, तिथे ही अडचण येतच नाही. किंवा ॲक्टिव्हेट करूच नका, प्रश्न ८ बघा.

६. उबंटूवर व्हेन्व्ह बनवताना एन्शुअरपिप इज नॉट अव्हेलेबल येतंय.

डेबियन आणि उबंटूवाले पायथन तुकड्यांत देतात, व्हेन्व्हचा तुकडा वेगळा टाकावा लागतो: `सुडो ॲप्ट इन्स्टॉल पायथन३-व्हेन्व्ह`. मग तो अर्धवट बनलेला फोल्डर आधी उडवा आणि परत बनवा. त्याच अर्धवट फोल्डरमधे पुढे काम केलं तर आत पिपच नसतो, आणि मग पॅकेजेस भलतीकडे जातात.

७. पिप इन्स्टॉल केलं तर एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट असा मोठा एरर येतोय. नेटवर एकाने ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस लावायला सांगितलंय, लावू का?

लावू नका. त्या ऑप्शनच्या नावातच लिहिलंय काय होणार ते.

उबंटूमधली बरीच स्वतःची कामं पायथनवर चालतात, अपडेट दाखवणारा प्रोग्रॅमसुद्धा. तुम्ही पिपने त्याच पायथनमधलं एखादं पॅकेज वरखाली केलं की ती कामं बिघडू शकतात, आणि आधी लोकांचं तसं खूप झालेलं आहे. म्हणून पायथनवाल्यांनी पेप ६६८ नावाचा नियम काढला, की सिस्टमचं पायथन ॲप्टच्या (उबंटूचा सॉफ्टवेअर टाकणारा प्रोग्रॅम) ताब्यात आहे असं एका फाइलने जाहीर करता येतं आणि पिप ते पाळतो. उबंटू २३.०४ पासून आणि डेबियन १२ पासून हे लागू आहे, २२.०४ वर हा एरर दिसत नव्हता म्हणून जुन्या व्हिडिओंमधे त्याचा उल्लेख सापडत नाही. मॅकवर होमब्रूने (मॅकवर सॉफ्टवेअर टाकायचं टूल) टाकलेल्या पायथनलाही हेच येतं.

यावर उपाय म्हणजे प्रश्न ३ मधलं व्हेन्व्ह, आत पिप मोकळा असतो. आणि व्हेन्व्ह ॲक्टिव्ह असूनही हाच एरर आला तर समजा की चालणारा पिप व्हेन्व्हमधला नाहीच, मग प्रश्न ९.

८. दरवेळी ॲक्टिव्हेट करावंच लागतं का? त्यात होतं तरी काय?

होतं फार थोडं. पाथ नावाच्या व्हेरिएबलच्या सुरुवातीला तुमच्या व्हेन्व्हचा बिन फोल्डर लावला जातो, व्हर्च्युअल_एन्व्ह नावाचं एक व्हेरिएबल सेट होतं, आणि प्रॉम्प्ट बदलतो. बास. आता पायथन लिहिलं की टर्मिनलला आधी व्हेन्व्हमधलं पायथन सापडतं. हे फक्त त्या एका टर्मिनल खिडकीपुरतं असतं, नवीन खिडकी उघडली की परत करावं लागतं.

म्हणूनच ते सक्तीचं नाही. तुम्ही सरळ `.व्हेन्व्ह/बिन/पायथन मॅनेज.पीवाय रनसर्व्हर` असं पूर्ण पत्त्याने बोलावलंत तरी बरोब्बर त्याच एन्व्हायर्नमेंटमधे चालतं. सर्व्हरवर तर असंच करतात (प्रश्न २०). मला स्वतःला वाटतं की शिकताना प्रत्येकाने दोनचार दिवस ॲक्टिव्हेट न करता पूर्ण पत्त्याने काम करून बघावं, म्हणजे कुठलं पायथन चालतंय हा विचार हाताला लागतो, आणि खालचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत.

९. दादा, जँगो इन्स्टॉल केलं, सक्सेसफुली इन्स्टॉल्ड पण आलं, तरी नो मॉड्यूल नेम्ड जँगो! डोकं फिरलंय.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. जवळजवळ प्रत्येक वेळी कारण एकच निघतं, पॅकेज एका पायथनमधे गेलं आणि प्रोग्रॅम दुसऱ्या पायथनने चालतोय. तर अंदाज बांधत बसू नका, विचारून घ्या. `पायथन -एम पिप --व्हर्जन` करा, त्या ओळीत पिप कुठल्या फोल्डरमधला आहे ते लिहून येतं. मग `पायथन -सी "इम्पोर्ट सिस; प्रिंट(सिस.एक्झिक्युटेबल)"` करा, चालणारं पायथन कुठलं ते कळतं. दोन्ही पत्त्यांत तुमच्या प्रोजेक्टचं .व्हेन्व्ह दिसलं पाहिजे. ज्यात नाही दिसलं तिथे घोळ आहे.

म्हणूनच मी नुसतं पिप इन्स्टॉल न लिहिता सगळीकडे `पायथन -एम पिप इन्स्टॉल` लिहितो, कारण मग जे पायथन चालतंय त्याच्यातच पॅकेज जाणार, दोघांत फूट पडायला जागाच नाही.

दोन्ही पत्ते बरोबर असतील आणि तरी चालत नसेल तर बहुतेक वेळा तुमच्याच फोल्डरमधे फ्लास्क.पीवाय किंवा जँगो.पीवाय नावाची फाइल सापडते. पायथन आधी चालू फोल्डर बघतो, त्याला तुमचीच फाइल मिळते आणि तो तीच इम्पोर्ट करतो, एररमधे पार्शली इनिशियलाइज्ड मॉड्यूल आणि सर्क्युलर इम्पोर्ट असं काहीतरी दिसतं. फाइलचं नाव बदला, काम झालं. नावाच्या घोटाळ्याचा दुसरा प्रकार प्रश्न १२ मधे आहे.

१०. टर्मिनलमधे सगळं चालतं पण व्हीएस कोड इम्पोर्टखाली पिवळी रेघ मारतो.

व्हीएस कोडला कुठलं पायथन धरायचं ते कळलेलं नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि पी दाबा, पायथन: सिलेक्ट इंटरप्रिटर लिहा, यादीतून .व्हेन्व्हवालं निवडा. यादीत नसेल तर तुम्ही बहुतेक प्रोजेक्टचा फोल्डर न उघडता त्याच्या वरचा फोल्डर उघडलाय, किंवा नुसती एक फाइल उघडलीय.

११. .व्हेन्व्ह आणि .एन्व्ह एकच का? आणि यातलं गिटहबवर काय टाकायचं?

एक नाही, आणि दोन्हीपैकी काहीच टाकायचं नाही, पण कारणं वेगळी आहेत.

.व्हेन्व्ह हा फोल्डर, पॅकेजेसचा. तो टाकायचा नाही कारण त्यात हजारो फाइल्स असतात आणि दुसऱ्याच्या मशीनवर त्याचा उपयोगही नाही. .एन्व्ह ही एक छोटी टेक्स्ट फाइल, तिच्यात डेटाबेसचा पासवर्ड, जँगोची सीक्रेट की, पेमेंट गेटवेच्या किल्ल्या असतात. ती टाकायची नाही कारण ती गुपितं आहेत. एकदा पब्लिक रेपोत गेलेली किल्ली दुसऱ्या कमिटमधे खोडून उपयोग नाही, ती जुन्या कमिटमधे तशीच दिसते, आणि असल्या किल्ल्या शोधणारे बॉट सतत फिरत असतात. गेलीच असेल तर पहिलं काम किल्ली बदलणं, इतिहास साफ करणं नंतर.

प्रोजेक्ट सुरू केल्याकेल्या .गिटइग्नोर फाइल बनवा आणि दोन्ही नावं लिहा. पायथन ३.१३ पासून व्हेन्व्ह स्वतःच्या फोल्डरमधे आपोआप .गिटइग्नोर ठेवतं, पण .एन्व्हची काळजी ते घेत नाही. .व्हेन्व्ह आधीच कमिट झालं असेल तर `गिट आरएम -आर --कॅश्ड .व्हेन्व्ह` करून परत कमिट करा, फोल्डर तुमच्याकडे राहील, रेपोतून जाईल.

१२. रिक्वायरमेंट्स फाइल पिप फ्रीझने काढायची की हाताने लिहायची?

लोक फ्रीझ सांगतात, चालतं पण. `पायथन -एम पिप फ्रीझ > रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी` केलं की आत्ता आत आहे ते सगळं अचूक व्हर्जनसकट लिहून मिळतं, आणि समोरचा `पायथन -एम पिप इन्स्टॉल -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी` करून तसंच उभं करतो. एकदाच सबमिट करायच्या प्रोजेक्टला एवढं पुरे.

पण वर्ष दोन वर्ष चालवायचा प्रोजेक्ट असेल तर नुसत्या फ्रीझने पुढे त्रास होतो. तुम्ही जँगो मागवलं, जँगोने स्वतःसाठी एएसजीआयरेफ आणि एसक्यूएलपार्स मागवलं, फ्रीझमधे तिन्ही एकाच रांगेत दिसतात. सहा महिन्यांनी कळतच नाही की तुम्हाला हवं असलेलं कुठलं आणि मागून आलेलं कुठलं, मग एखादं काढायचीही भीती वाटते. त्यापेक्षा एक फाइल हाताने लिहा, त्यात फक्त तुम्ही स्वतः मागवलेलं, म्हणजे `जँगो>=५.२,<५.३` अशी ओळ, आणि दुसरी फाइल फ्रीझची, अचूक व्हर्जनची. पिप-टूल्स नावाचं पॅकेज पहिलीवरून दुसरी बनवून देतं, यूव्ही पण देतं (प्रश्न १७). प्रोजेक्टमधे जपायची गोष्ट ही यादी आहे, एन्व्हायर्नमेंट कधीही परत बनतं.

नावं लिहिताना जपून. इम्पोर्टचं नाव आणि पॅकेजचं नाव दरवेळी सारखं नसतं: इम्पोर्ट पीआयएल, पॅकेज पिलो. इम्पोर्ट जेडब्ल्यूटी, पॅकेज पायजेडब्ल्यूटी, आणि जेडब्ल्यूटी नावाचं दुसरंच एक पॅकेज तिथे खरोखर आहे, ते टाकलं तर इम्पोर्ट होतं पण फंक्शन्स सापडत नाहीत. मुद्दाम मिळतंजुळतं नाव ठेवून व्हायरस टाकणारेही आहेत. म्हणून नाव आठवणीतून मारू नका, त्या लायब्ररीच्या डॉक्समधून कॉपी करा.

१३. पेन ड्राइव्हने अख्खा प्रोजेक्ट मित्राला दिला, व्हेन्व्हसकट, त्याच्याकडे चालत नाही. मी नुसतं फोल्डरचं नाव बदललं तरी माझ्याकडेही पिप बंद पडला.

दोन्हींचं कारण एक. व्हेन्व्हच्या आत ठिकठिकाणी पूर्ण पत्ते कोरलेले असतात. बिन फोल्डरमधली पिप किंवा जँगो-ॲडमिन फाइल उघडा, पहिल्याच ओळीत तुमच्या मशीनवरचा पायथनचा पत्ता दिसेल, विंडोजवर तोच पत्ता एक्सई फाइलच्या पोटात असतो. फोल्डरचं नाव बदललं की तो पत्ता खोटा झाला, मित्राच्या मशीनवर तर तो कधीच नव्हता.

व्हेन्व्ह हलवायचं नसतं. उडवायचं, नवीन जागी परत बनवायचं, रिक्वायरमेंट्समधून भरायचं. मित्राला कोड आणि यादी एवढंच द्या. वनड्राइव्हच्या आतल्या डेस्कटॉपवर प्रोजेक्ट ठेवत असाल तर तेही टाळा, हजारो बारीक फाइल्स सिंक होत राहतात आणि मधेच एखादी फाइल लॉक होऊन पिप अडकतो.

१४. मशीनवरचं पायथन अपडेट झालं आणि सगळे जुने प्रोजेक्ट मेले.

लिनक्स आणि मॅकवर व्हेन्व्हमधलं पायथन म्हणजे मूळ पायथनकडे बोट दाखवणारी लिंक असते. उबंटूचं मोठं अपग्रेड झालं, किंवा होमब्रूने जुनं पायथन काढून टाकलं, की ती लिंक हवेत राहते. शिवाय पॅकेजेस पायथन३.११ अशा व्हर्जनच्या नावाच्या फोल्डरमधे असतात, ३.१२ तिकडे बघतही नाही. इथेही तेच, परत बनवा. जुनंच व्हर्जन हवं असेल तर पायएन्व्ह किंवा यूव्हीने ते वेगळं टाका, सिस्टमच्या पायथनला हात लावू नका.

१५. नवीन पायथनवर जुना प्रोजेक्ट टाकला तर नो मॉड्यूल नेम्ड डिस्टयुटिल्स.

डिस्टयुटिल्स हे पॅकेजेस बनवायचं जुनं मॉड्यूल पायथन ३.१२ मधून काढून टाकलं, आणि त्याच व्हर्जनपासून नवीन व्हेन्व्हमधे सेटअपटूल्सही आपोआप येत नाही. तात्पुरतं `पायथन -एम पिप इन्स्टॉल सेटअपटूल्स` केलं तर बऱ्याचदा चालून जातं. खरा इलाज म्हणजे जे पॅकेज ते मागतंय त्याचं नवीन व्हर्जन घ्या, आणि तसं व्हर्जन निघालंच नसेल तर ते पॅकेज सांभाळणारं कोणी उरलं नाही असं समजून दुसरं शोधा.

१६. मायएसक्यूएलक्लायंट इन्स्टॉलच होत नाही, पानभर लाल एरर.

कारण ते पॅकेज काही अंशी सी भाषेत आहे, आणि लिनक्सवर ते तुमच्याच मशीनवर कंपाइल होतं. व्हेन्व्ह फक्त पायथनच्या गोष्टी वेगळ्या करतं, सी कंपायलर आणि डेटाबेसच्या लायब्ररी सिस्टमकडूनच लागतात. उबंटूवर `सुडो ॲप्ट इन्स्टॉल पायथन३-डेव्ह डीफॉल्ट-लिबमायएसक्यूएलक्लायंट-डेव्ह बिल्ड-इसेन्शियल पीकेजी-कॉन्फिग` करा, मग परत पिप. विंडोजवर सहसा तयार व्हील (आधीच कंपाइल केलेलं पॅकेज) मिळतं, पण पायथन अगदी ताजं असेल तर त्याचं व्हील अजून निघालेलं नसतं आणि तिथेही तसाच लाल एरर येतो, अशा वेळी एक व्हर्जन मागचं पायथन घेतलेलं बरं. पोस्टग्रेसला सायकोपीजी२ ऐवजी सायकोपीजी२-बायनरी घेतलं की शिकण्यापुरतं कंपाइलचं झंझट नाही.

१७. यूव्ही, पोएट्री, कोंडा, व्हेन्व्ह... नेमकं काय शिकू?

आधी व्हेन्व्ह आणि पिप. बाकी सगळे शेवटी असलंच वेगळं एन्व्हायर्नमेंट बनवतात, आणि बिघडलं की तेच उघडून बघावं लागतं.

ते पक्कं झालं की यूव्हीकडे जा. ॲस्ट्रल नावाच्या कंपनीने २०२४ मधे काढलेलं, रस्टमधे लिहिलेलं, आणि खरंच फार वेगवान आहे. `यूव्ही इनिट`, `यूव्ही ॲड जँगो`, `यूव्ही रन मॅनेज.पीवाय रनसर्व्हर`, संपलं, ॲक्टिव्हेटची भानगड नाही, यादी पायप्रोजेक्ट.टॉमलमधे आणि अचूक व्हर्जनं यूव्ही.लॉकमधे आपोआप लिहिली जातात, हवं ते पायथन व्हर्जनही तोच उतरवतो. पोएट्री चांगलंच आहे, टीममधे आधीपासून असेल तर चालू ठेवा. कोंडा पायथनबाहेरच्या लायब्ररीही टाकतो म्हणून डेटा सायन्सवाल्यांना सोयीचा, वेब प्रोजेक्टला सहसा गरज पडत नाही. कोंडा आणि व्हेन्व्ह एकाच टर्मिनलमधे दोन्ही ॲक्टिव्ह ठेवू नका, प्रॉम्प्टआधी बेस दिसत असेल तर आधी `कोंडा डीॲक्टिव्हेट`.

१८. यूव्ही व्हेन्व्हने बनवलं, ॲक्टिव्हेट केलं, पिप इन्स्टॉल केलं, आणि पॅकेज सिस्टममधे गेलं! कसं काय?

`यूव्ही व्हेन्व्ह` जे एन्व्हायर्नमेंट बनवतं त्यात पिप नसतोच. तुम्ही नुसतं पिप लिहिलं, टर्मिनलने व्हेन्व्हमधे शोधलं, नाही मिळालं, मग पाथवर पुढे गेला आणि सिस्टमचा पिप सापडला. तिथे `यूव्ही पिप इन्स्टॉल` लिहायचं, किंवा व्हेन्व्ह बनवतानाच `--सीड` लावायचं म्हणजे पिप येतो. `पायथन -एम पिप` लिहिलं असतं तर नो मॉड्यूल नेम्ड पिप असा स्पष्ट एरर आला असता आणि लगेच कळलं असतं.

असंच एक सुडोचं. व्हेन्व्ह ॲक्टिव्ह असताना `सुडो पिप इन्स्टॉल` केलं की सुडो स्वतःचा पाथ लावतो, तुमचा व्हेन्व्ह त्याला दिसत नाही. व्हेन्व्हमधे सुडो कधीच लागत नाही. परमिशन डिनाइड येत असेल तर फोल्डर आधी कधीतरी सुडोने बनलाय, तो उडवून तुमच्या यूजरने परत बनवा.

१९. लॅबमधे नेट नाही, किंवा इतकं स्लो आहे की पिप टाइमआउट होतो.

घरी नेट आहे तिथे `पायथन -एम पिप डाउनलोड -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी -डी पॅकेजेस` करा, सगळ्या फाइल्स पॅकेजेस फोल्डरमधे येतील. तो फोल्डर पेन ड्राइव्हने नेला तर चालतो, हा व्हेन्व्ह नाही. लॅबमधे कोरं व्हेन्व्ह बनवून `पायथन -एम पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स पॅकेजेस -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी`. अट एकच, दोन्हीकडे ऑपरेटिंग सिस्टम आणि पायथनचं व्हर्जन सारखं पाहिजे, कारण सी मधली पॅकेजेस प्रत्येकासाठी वेगळी बनतात. म्हणून लॅबचं व्हर्जन आदल्या दिवशी बघून या. नेट आहे पण प्रॉक्सीमागे आहे, तर पिपला `--प्रॉक्सी` देऊन पत्ता सांगा.

२०. सर्व्हरवर आणि क्रॉनमधे ॲक्टिव्हेट कसं करायचं?

करायचं नाही. क्रॉनच्या (ठरलेल्या वेळी कामं चालवणारा) ओळीत आणि सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस चालू ठेवणारा) फाइलमधे व्हेन्व्हमधल्या पायथनचा किंवा गनिकॉर्नचा (पायथन साइट चालवणारा सर्व्हर प्रोग्रॅम) पूर्ण पत्ता लिहा, स्लॅश होमपासून. कारण प्रश्न ८ मधे आहे. रनसर्व्हर सर्व्हरवर लावू नका, ते फक्त डेव्हलपमेंटसाठी आहे असं जँगोच्या डॉक्समधे स्पष्ट लिहिलंय, आणि डीबग फॉल्स करून अलाउड होस्ट्समधे डोमेन टाका. विंडोजवर गनिकॉर्न चालत नाही, एफसीएनटीएल नाही म्हणून ओरडतो, तिथे वेट्रेस वापरा.

२१. डॉकर वापरतोय, मग आत व्हेन्व्ह लागतं का?

अधिकृत पायथन इमेज घेतली असेल तर गरज नाही, कंटेनर आधीच वेगळा आहे. पण .डॉकरइग्नोरमधे .व्हेन्व्ह लिहा, नाहीतर कॉपीच्या ओळीने तुमच्या लॅपटॉपचं व्हेन्व्ह आत जातं आणि तिथे ते निरुपयोगी असतं.

२२. मॅकवर फ्लास्क ५००० पोर्ट वापरात आहे म्हणतो, मी तर काही चालू केलं नाही.

मॉन्टेरेपासून मॅकचा एअरप्ले रिसीव्हर तो पोर्ट धरतो. सेटिंग्जमधून तो बंद करा, किंवा `फ्लास्क रन --पोर्ट ५००१`.

२३. डेटाबेसमधे मराठी मजकूर आहे. विंडोजवर डम्पडेटा (डेटा फाइलमधे काढणं) केलं तर कॅरमॅप एरर येतो, मित्राकडे लोडडेटा (तो परत भरणं) होत नाही. एन्व्हायर्नमेंटचाच प्रॉब्लेम ना?

नाही, व्हेन्व्ह कितीही वेळा परत बनवलं तरी हा जाणार नाही. विंडोजवर पायथन फाइल लिहिताना जुनं एन्कोडिंग धरतो आणि त्यात देवनागरी बसत नाही. शिवाय जुन्या पॉवरशेलमधे बाणाच्या खुणेने फाइल काढली की ती यूटीएफ-१६ मधे बनते, ती लोडडेटाला वाचता येत नाही, आणि रिक्वायरमेंट्स फाइल तशी काढली असेल तर गिट तिला बायनरी समजून फरक दाखवत नाही. म्हणून बाण वापरू नका, असं लिहा: `पायथन -एक्स यूटीएफ८ मॅनेज.पीवाय डम्पडेटा -ओ डेटा.जेसन`, आणि लोड करतानाही तोच यूटीएफ८ वाला ऑप्शन. तुमच्या कोडमधे जिथे जिथे ओपन लिहिलंय तिथे एन्कोडिंग यूटीएफ-८ स्वतः लिहा. ही सवय लावाच, मराठी मजकूर घेणाऱ्या साइट्स आपणच बनवणार आहोत, आणि त्यांच्यात चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसता कामा नयेत.